मांडायचा नग

वर्षातून एकदा, द्राक्षाचे मळे तोडणीला येतात त्या सुमारास, नाशकात मोटारस्पोर्टचं प्रदर्शन भरतं, आणि वर्षातून एकदा मी जाणूनबुजून एक वाईट नग बनवायचे. दिसायला देखणा आणि आतून कुचकामी. तो नग टेबलावर मांडायचा असतो, कुणाला द्यायचा नसतो. त्या वर्षी मी तो दिला. त्याच्या जोरावर एक मुलगी उडी मारणार होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला एक प्रश्न पुरला असता.

आमचं नाशकातच, अंबडला वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, आणि पत्र्याच्या छताखाली उन्हाळ्यात नुसती भट्टी. ह्यांची कंपनीतली नोकरी गेली तेव्हा ह्यांनी ते सुरू केलं. पुढे ह्यांच्या कमरेनं दगा दिला आणि लेथवर मी उभी राहिले, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. अजूनही नवं गिऱ्हाईक येतं ते माझ्या डोक्यावरून आत बघत विचारतं, साहेब कुठे आहेत. मी सांगते, साहेब बिलं लिहितायत, कामाचं माझ्याशी बोला. मग ते बिचारं गोंधळून घसा खाकरतं.

मातीच्या ट्रॅकवर उड्या मारणाऱ्या मोटारसायकली असतात ना, त्यांच्या पुढच्या चाकाचा एक्सल ही आमची खासियत. एक्सल म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, बस. पण गाडी माणसाच्या उंचीवरून खाली येते तेव्हा सगळा भार त्या दांड्यावर येतो. तो वाकला की चाक अडकतं, आणि चाक अडकलं की माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून आमचा एक्सल चांगल्या पोलादाचा, आतून मोजकाच पोकळ, वरून हार्डनिंग केलेला. त्यावर कानस घासली तर पोलाद कापलं जात नाही, कानस नुसती घसरते. मी प्रत्येक नगाला स्वतः कानस लावून बघते. दुसऱ्या कुणाच्या हातावर मी भरवसा टाकत नाही.

आता तो खोटा नग. आमच्या लाइनीतल्या एका म्हाताऱ्या टर्नरनं ही रीत मला शिकवली. प्रदर्शनात निम्मे लोक विकत घ्यायला येतात आणि निम्मे ढापायला. नमुना बघतात, मापं घेतात, जमलं तर नगच उचलून नेतात, आणि दोन महिन्यांत तोच माल बाजारात हजर. म्हणून टेबलावर खरा नग मांडायचाच नाही. साध्या लोखंडाचा करायचा, आतलं भोक जास्त मोठं पाडायचं, दोन्ही टोकं बुचं मारून बंद करायची, आणि वरून असा पॉलिश करायचा की बघणाऱ्याला त्यात तोंड दिसावं. चोरानं नेला आणि कापून मापं घेतली तरी तो चुकीचीच मापं नेणार. आपल्याला ओळखू यावा म्हणून टोकावर पंचनं एक बारीक ठिपका द्यायचा. आमच्या लाइनीत सगळेच असं करतात. द्यायचा नग काळपट असतो, तेलकट कागदात गुंडाळून टेबलाखालच्या ट्रंकेत.

त्याच्या दोन वर्षं आधी एकदा मी हे पाळलं नव्हतं, आणि तोंडावर आपटले होते. पाय ठेवायचे आमचे फूटपेग कुणीतरी नेले, हलक्या लोखंडात काढले आणि आमचेच म्हणून विकले. कुठल्याशा स्पर्धेत एक तुटला आणि एका मुलाचा घोटा गेला. लोक फोन करून मला बोलत होते. मी घसा फोडून सांगत होते, तो माझा नाही. कोण ऐकतंय! तेव्हापासून माझा संशयी स्वभाव अगदीच बेफाम झाला. घरात म्हणतात, ही देवाच्या प्रसादाचाही वास घेऊन बघेल. घेते. त्यात काय वाईट आहे?

प्रदर्शन तीन दिवसांचं. पहिले दोन दिवस धंद्यातल्यांचे. टायरवाले, हेल्मेटवाले, पुण्या-कोल्हापूरचे ट्यूनिंगवाले, गाड्या घेऊन येणाऱ्या टीम. सगळे एकमेकांना कार्ड देतात आणि पाठ वळली की एकमेकांच्या मालाला नावं ठेवतात. तिसरा दिवस पब्लिकचा. मंडपामागे मातीचा ट्रॅक केलेला असतो, ढिगारे रचलेले असतात, आणि त्या दिवशी दुपारी तिथं मुलं उड्या मारून दाखवतात. त्या वर्षी लाउडस्पीकरवर पहिल्या दिवसापासून एक घोषणा घोळून घोळून चालली होती. तिसऱ्या दिवशी उड्या मारणाऱ्या मुलामुलींतून एक मोठी टीम एकाला निवडणार, आणि त्याला किंवा तिला वर्षभर गाडी, सामान, सगळं देणार. तासाला दोनदा ऐकून माझे कान किटले होते.

पहिल्या दिवशी सकाळीच तो माणूस आला. पन्नाशीचा, अंगानं वाळका, पायात चप्पल, खांद्याला कापडी पिशवी. प्रदर्शनात सगळे बूट घालून, छातीवर कंपनीचं नाव मिरवत येतात. ह्याच्या छातीवर काही नव्हतं. सरळ येऊन त्यानं एक्सल उचलला. किंमत विचारली नाही, कार्ड मागितलं नाही. हातावर तोलला, नखानं टिचकी मारून कानाशी नेला, आणि वीत लावून लांबी मोजली. मी विचारलं, काय पाहिजे. तो ओशाळून हसला.

“काही नाही वं ताई. देखी ऱ्हायनू.”

म्हणजे नुसतं बघतोय. बोलण्यावरून मालेगाव-सटाण्याकडचा. मी विचारलं, गॅरेज कुठे? म्हणाला, गॅरेज नाही. मग करता काय? म्हणाला, पॉवरलूमचं फिटिंग. म्हटलं, मागावर डर्टबाइकचा एक्सल कुठे बसवता? त्यावर नुसता हसला. गाडी कुठली? जुनीच आहे. कुणाची? घरचीच. प्रत्येक उत्तर अर्धं. असा माणूस माझ्यासमोर उभा राहिला की माझं डोकं तापतं.

जेवणानंतर तो परत आला. या वेळी विचारलं, हा आतून केवढा पोकळ आहे. झालं! साधं गिऱ्हाईक हा प्रश्न विचारत नाही. बाहेरची मापं कुणीही घेईल, पण आतलं भोक ज्याला हवं असतं त्याला नग बनवायचा असतो. मी म्हटलं, ते सांगत नसतो आम्ही. तो मान हलवून गेला. शेजारच्या स्टॉलवर एक गॅरेजवाले होते, कार्ब्युरेटर मांडून बसलेले. ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले की ताई, सांभाळा, हा गडी बोटांवर मापं मोजत गेलाय. मी म्हटलं, मला काय दिसत नाही होय. संध्याकाळी तो तिसऱ्यांदा आला, लांब उभा राहून टेबलाकडे बघत राहिला, आणि मी बघतेय म्हटल्यावर निघून गेला. मी तो नग टेबलावरून हलवला नाही. उलट अंमळ पुढेच सरकवून ठेवला. म्हटलं, ने बाबा.

ह्यांना मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, अगं, बिचारा घेणारा असेल, पैसे जमवत असेल. ह्यांच्या दृष्टीनं जगात सगळेच बिचारे. कंपनीत ज्यांनी ह्यांची नोकरी घालवली तेसुद्धा बिचारेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे चहा आणायला गेले होते आणि तो आला. आल्या आल्या त्यानं पिशवीत हात घातला आणि व्हर्नियर काढला. मापं घ्यायचं हत्यार, माझ्याच टेबलावर, माझ्याच डोळ्यांदेखत! जाडी घेतली, टोकाचे आटे बघितले, ओठ हलवत आकडे पाठ केले. शेजारचे गॅरेजवाले घसा खाकरायला लागले. मी नग त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. तो दचकला. मग हळू आवाजात म्हणाला, एक द्या.

किंमत सांगितली. त्यानं घासाघीस केली नाही. खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले. मालेगावकडचा माणूस आणि सांगितल्या किमतीला वस्तू घेतो? माझी उरलीसुरली शंका तिथं फिटली. हा विकत घेऊन कापणार, दुसरं काय? मी ट्रंकेकडे वाकलेसुद्धा होते. खरा नग माझ्या हाताला लागला होता, तेलकट कागदातला, गार. तो मी परत ठेवला. वर येऊन टेबलावरचा चकचकीत नग कागदात गुंडाळला, दोरा बांधला आणि त्याच्या हातात दिला. इतकं छान वाटलं मला तेव्हा. खोटं कशाला बोलू? अगदी आतून बरं वाटलं. दोन वर्षं कुणावर तरी उगवायचा होता तो सूड उगवला.

त्यानं पुडकं छातीशी धरलं, पिशवीत तळाशी ठेवलं आणि म्हणाला, उपकार झाले ताई. मी म्हटलं, या.

हे चहा घेऊन आले. मी हसत हसत सांगितलं. ह्यांनी दोन्ही कप खाली ठेवले.

“आणि त्यानं बसवला तर?”

मी म्हटलं, तो कशाला बसवतोय, कापणार तो. हे म्हणाले, पण बसवला तर? मी चिडले. म्हटलं, तुमच्या ह्या भोळेपणानंच आपण इथवर आलोय, चहा प्या. ह्यांनी चहा प्यायला नाही. घरी जाताना हे स्कूटरवर माझ्यामागे बसले होते. सगळा त्र्यंबक रोड ह्यांचा तो प्रश्न खडीच्या खड्यासारखा चपलेत अडकून बसला होता.

तिसऱ्या दिवशी पब्लिक. गेटपासून रस्त्यापर्यंत रांग, पोरंटोरं, सेल्फी, इंजिनांचा नुसता कालवा. दहाच्या सुमारास गर्दीतून ती कापडी पिशवी येताना मला दिसली. तोच. चालत नव्हता, धावतच होता म्हणा ना. माझ्या मनात काय आलं सांगू? कापून बघितला वाटतं रात्रीच. भोक बघितलं, लोखंड बघितलं, चोराला चोरी कळली आणि आता भांडायला येतोय. स्टॉलवर भर गर्दीत तमाशा. हे तेव्हा पाण्याचे जार सांगायला गेले होते. मी शेजारच्या गॅरेजवाल्यांना खुणेनं सांगितलं की मी नाही म्हणून सांगा, आणि स्टॉलच्या मागच्या पडद्याआड जाऊन उभी राहिले. पन्नाशी उलटलेली बाई, बॅनरच्या बांबूला धरून, श्वास रोखून.

त्याचा आवाज ऐकू येत होता. ताई कधी येतील? गॅरेजवाले म्हणाले, संध्याकाळी या. तो म्हणाला, तोवर उशीर होईल. गॅरेजवाले म्हणाले, मग मी काय करू. तो बराच वेळ तिथं थांबला. पडद्याच्या फटीतून मला त्याची चप्पल दिसत होती. मग चप्पल गेली. मी बाहेर आले आणि गॅरेजवाल्यांना म्हटलं, बघितलंत? ते म्हणाले, बघितलं. तो कशाला उशीर होईल म्हणाला, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुपारी ट्रॅकवर उड्या सुरू झाल्या तसा मंडप रिकामा झाला. आमच्या स्टॉलच्या मागून ट्रॅकचा एक कोपरा दिसतो, जाळीपलीकडे गाड्या तयार करायची जागा आहे तो. मी पाणी प्यायला तिकडे गेले आणि सहज नजर टाकली. पुढच्या चाकाशी कुणीतरी गुडघ्यावर बसलेलं होतं आणि बाजूला कापडी पिशवी पडली होती. गाडीजवळ एक अंगानं बारीकशी मुलगी उभी होती. एकोणीस-वीसची असेल. तिनं हेल्मेट डोक्यात घातलं आणि मानेवर अडकलेली वेणी बाहेर ओढून जाकिटात खोचली. तो उठला, चाकावर हात फिरवला आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

मेले, असं मी मोठ्यानं म्हणाले. पेला तिथंच टाकला. ह्यांनी विचारलं काय झालं, मी फक्त म्हटलं, बसवला त्यानं. आणि पळत सुटले.

माझ्या आयुष्यात मी अशी पळाले नव्हते. साडीचा बोंगा धरून, बघ्यांना कोपरानं ढकलत. डोळ्यांपुढे सारखं एकच, आतलं मोठं भोक. ते मी स्वतः पाडलं होतं. बारीक चिप्स उडत होत्या तेव्हा मी गाणं गुणगुणत होते. जाळीच्या फाटकावर गार्डनं अडवलं. पास दाखवला तर म्हणाला, हा स्टॉलचा, इकडे चालत नाही. मी म्हटलं, अरे, एका मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, कोण मुलगी, नाव काय. मला नाव कुठे माहीत होतं? गाडीचा नंबर? तोही नाही. तुमची कोण लागते? कुणी नाही. तो म्हणाला, काकू, बाजूला व्हा. त्याचं तरी काय चुकलं, त्याच्या जागी मीही मला सोडलं नसतं.

शेवटी मी जाळीच्या कडेकडेनं, गाड्यावाल्यांचे घरचे लोक दोरीला धरून उभे असतात तिथं घुसले. तोवर गाड्या सुरुवातीच्या रेषेवर गेल्या होत्या. झेंडा पडला. सगळ्या एकदम सुटल्या. तो दोरीशी उभा होता. मी त्याचा दंडच धरला.

म्हटलं, थांबवा तिला, तो एक्सल काढा, तो एक्सल बरोबर नाही. असं काहीबाही. तो माझ्याकडे बघतच राहिला, आणि मग त्याचा चेहरा उजळला. हो, उजळला.

“तुम्ही आल्या, बरं झालं. तो नाही बसवला, ताई. चुकून दुसराच नग आलेला शे.”

त्यानं पिशवीतून पुडकं काढलं. माझाच कागद, माझाच दोरा, पुन्हा नीट बांधलेला. सांगू लागला की मागाचा कुठलाही पार्ट असो, बसवण्याआधी त्याला कानस लावायची, ही त्याची आयुष्यभराची सवय. संध्याकाळी लावली तर लोखंड लोण्यागत कापलं गेलं. तेव्हाच कळलं, गडबडीत अदलाबदल झाली असणार. सकाळी बदलून घ्यायला आला होता, पण मी नव्हते. मग गाड्यावाल्यांच्या फाटकातून आत गेल्यावर परत सोडेनात. आणि म्हणाला की हा जपून ठेवा ताई, दुसऱ्या कुणाच्या हाती लागला तर तुमचं नाव खराब होईल.

मी पुडकं घेतलं. इतकी सुटल्यासारखी झाले की रडूच यायचं बाकी होतं. मग मी विचारलं, मग गाडीला कुठला आहे?

“जुनाच. थोडासा वाकलेला. म्हणून तर नवा घेत होतो.”

तिला सांगितलंय, उडी मारायची नाही, असं म्हणून तो ट्रॅककडे वळला. सकाळी फार रडली, पण सांगितलं.

ढिगारा आमच्यासमोरच होता. पहिला मुलगा आला आणि हवेत गेला, लोकांनी आरोळी ठोकली. दुसरा गेला. तिसरा गेला, हवेत गाडी आडवी करून गेला. मग ती आली. वळणावर तर ती त्या सगळ्यांहून सरस होती, माझ्यासारखीलाही कळलं. तिसऱ्याला तिनं आतून गाठलंच होतं. ढिगाऱ्याशी आली आणि तिनं ॲक्सिलरेटर सोडला. गाडी हळूच वर चढली, हळूच खाली उतरली, आठवडी बाजारातून म्हैस आणावी तशी. मागून कुणीतरी ओरडलं, ताई, स्कूटी आणायची होतीत. सगळा घोळका हसला. दुसऱ्या फेरीलाही तेच, तिसऱ्यालाही तेच. त्या टीमचे लोक खुर्च्यांवर वह्या घेऊन बसले होते. पहिल्या फेरीनंतर त्यांच्यातल्या कुणीही तिच्याकडे मान वळवली नाही. तो माणूस दोरी इतकी घट्ट धरून उभा होता की त्याची नखं पांढरी पडली होती.

मी विचारलं, मुलगी आहे तुमची? आधी का नाही सांगितलंत? तो म्हणाला, पहिल्या दोन स्टॉलवर सांगितलं होतं, पोरीच्या गाडीला पाहिजे म्हणून. ते हसले. एक म्हणाला, पोरीला कशाला एवढा महागाचा एक्सल. म्हणून पुढे कुठे सांगितलंच नाही. आतून किती पोकळ ते विचारलं, कारण तिचं वजन कमी आणि गाडी जड, एक्सल जास्त पोकळ असला तर तेवढीच हलकी. मग थोडा थांबून म्हणाला, तुम्ही बाई असून लेथ चालवता, तुम्हाला तरी सांगायला पाहिजे होतं, माझंच चुकलं.

तेवढ्यात मागून हे आले. कमरेवर एक हात आणि दुसऱ्या हातात तेलकट कागदातला खरा नग. कुठल्या फाटकातून ह्यांना कसं सोडलं देव जाणे.

मुलगी गाडी ढकलत आली. हेल्मेट काढलं तर तोंडावर मातीचे ओघळ. माती कशानं ओली झाली ते मला विचारायचं नव्हतं. बाप तिला म्हणाला, याच त्या ताई, एक्सल बनवतात त्या, बदलून द्यायला पळत आल्या बघ. गर्दीत नग चुकून बदलला त्यांच्याकडून. ती माझ्या पाया पडायला वाकली. म्हणाली, असू द्या काकू, पुढच्या वर्षी मारीन.

गप्प बसता आलं असतं. तो स्वतःच मला सोडवत होता, फक्त मान हलवायची होती. हे बाजूला उभे होते, त्यांनी बोलायचा प्रश्नच नव्हता. पण पाया पडणारी ती पोर आणि तिच्या मानेवरची चिखलानं माखलेली वेणी बघून मला राहवेना.

मी म्हटलं, “चुकून नाही. मला वाटलं तुम्ही नक्कल करायला नेताय, म्हणून मी मुद्दाम दिला. आणि सकाळी मी पडद्यामागेच होते.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मुलगी बापाकडे बघत राहिली. तो माझ्याकडे बघत होता, पण आधी बघत होता तसा नाही. मागे पुढच्या गाड्या सुटल्या आणि लोक पुन्हा ओरडायला लागले. ह्यांनी पुढे होऊन खरा नग त्याच्यासमोर धरला. त्यानं तो घेतला, कागद सोडला, टोकावर ठिपका वगैरे काही नव्हता. काळपट, तेलकट, माझ्या हातचा सगळ्यात चांगला नग.

मग तो खाली बसला. पिशवीतून त्यानं कानस काढली, एक्सल मांडीवर धरला आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यावर कानस ओढली. ती घसरली. त्यानं एक्सल फिरवला, दुसऱ्या टोकाला लावली. तिथंही घसरली. तरी त्यानं मधोमध आणखी एकदा घासून बघितलं, मगच तो पिशवीत ठेवला.